केशवरावांचे पोपडे

"डोळे मीट," अप्पा म्हणाले. "आणि मी सांगितल्याबिगर उघडायचे न्हाईत."

लग्नानंतरचा पहिला श्रावण माहेरी काढून मी नुकतीच जयसिंगपूरला सासरी पोचले होते. एका हातात बॅग, दुसऱ्या हातात आईनं बांधून दिलेली नारळांची पिशवी, आणि रत्नागिरीपासूनच्या एस.टी.नं अंगातलं एकूण एक हाड मोजून घेतलेलं. दुसऱ्या दिवशी गणपती बसायचे होते. अशा वेळी माणूस चहाची अपेक्षा करतं. पण सासरे डोळे मीट म्हणाले तर सून डोळे मिटते, निदान पहिलं वर्ष तरी. मी मिटले.

"चल. सरळ ये. पायरी हाय. हां, आता उघड."

परसात, माझ्या जुन्या निळ्या टबात, विटेवर एक सोन्याचं कासव बसलं होतं.

आधी मला ते पितळी वाटलं, वास्तुशांतीला देतात तसलं. मग त्या पितळी कासवानं मान जराशी बाहेर काढली. कानाजवळ दोन्ही बाजूंना तांबडे पट्टे दिसले. ते माझे केशवराव होते.

केशवराव मला कॉलेजात असताना मैत्रिणीनं वाढदिवसाला दिले होते. तेव्हा ते चहाच्या बशीत मावायचे. पुढे खाऊन-पिऊन चांगले ताटलीएवढे झाले. लग्न ठरलं तेव्हा मी एकच अट घातली होती, की केशवराव माझ्याबरोबर येतील. सासरच्यांना मुलगी पसंत होती, त्यामुळे त्यांनी कासवाकडे काणाडोळा केला. बाकी भांडीकुंडी, साड्या, कपाट हे सगळं दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांनी ठरवून दिलेलं. माझं म्हणावं असं त्या घरात एक कासव तेवढं होतं.

"कसं दिसतंय?" अप्पांनी विचारलं. उत्तर त्यांच्या चेहऱ्यावर आधीच मांडलेलं होतं.

"हे... रंग दिलाय?"

"नुसता रंग न्हाई. पद्धतशीर काम केलंय. अगं, पोपडे धरले होते त्यानं. पाठीची सालपटं निघायली होती. एवढे दिवस ठेवलंस, तुझ्या कधी ध्यानात आलं न्हाई व्हय?"

आलं होतं. ती सालपटं दरवर्षी निघतात. कासव वाढतं तशा पाठीवरच्या जुन्या पातळ चकत्या सुटून पाण्यात तरंगतात, आणि खालून नवी पाठ निघते. मी त्या चकत्या वहीत जपून ठेवायची. पण हे सांगायला मला वाक्यात जागा मिळाली नाही.

"आधी पत्र्यानं सगळे पोपडे खरवडून काढले," अप्पा सांगत होते. "मग पॉलिश पेपरनं घासला. मग अस्तराला रेड ऑक्साईडचा एक हात. तो वाळल्यावर सोनेरीचे दोन हात. आता दहा वर्षं बघायला नको. आणि शहाणं हाय हां जनावर. घासताना हूं की चूं केलं न्हाई. हातपाय आत घेऊन गप पडून राहिलं. आमच्या सुनेसारखं."

सगळे हसले. मीही हसले. शहाणी होते ना.

अप्पांचं बाजारपेठेत रंगाचं दुकान होतं, आणि माणसाचा धंदा त्याच्या डोक्यात किती खोल उतरू शकतो याचं ते चालतंबोलतं उदाहरण होते. जगात दोनच प्रकारच्या वस्तू असतात, रंग दिलेल्या आणि रंग द्यायच्या राहिलेल्या, असा त्यांचा सिद्धांत होता. उघडं राहिलं की गेलं, हे त्यांचं आवडतं वाक्य. दर गणपतीला घरातल्या प्रत्येक वस्तूला एक हात बसायचा. गेट हिरवं, नारळाचा बुंधा हिरवा, गॅसची टाकीसुद्धा हिरवी. एका वर्षी त्यांनी पाटा-वरवंट्याला चॉकलेटी रंग दिला होता, आणि पुढचा महिनाभर घरात टर्पेंटाईनची आमटी शिजली होती. सासूबाई गणपतीच्या दिवसांत एका जागी फार वेळ बसत नसत. मला आधी वाटायचं, कामाचा उरक मोठा आहे.

आणि एवढं करूनही अप्पा वाईट माणूस नव्हते, ही खरी अडचण होती. वाईट माणसाशी भांडता येतं. जो माणूस भर उन्हात परसात उकिडवा बसून, तुम्हाला खूश करायचं म्हणून तुमच्या कासवाला रेड ऑक्साईड लावतो, त्याला काय बोलणार? बोललं तर आपणच कृतघ्न. निशिकांतनं, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, ते मला खोलीत गेल्या गेल्या समजावून सांगितलं.

"बघ, त्यांनी प्रेमानं केलंय."

"मला दिसतंय ते. पण रंग काढायला हवा."

"बघू."

निशिकांतच्या तोंडी हा शब्द फार असायचा. लग्नाच्या बोलणीतही तो तेवढंच बोलला होता, आणि मला तेव्हा त्याचा स्वभाव शांत वाटला होता.

"विचारलं मी त्यांना," मी म्हटलं. "ते म्हणाले, थिनर मारला की निघेल, पण कशाला?"

"मग कशाला?"

मी बॅग उघडून साड्या काढायला घेतल्या. एकाच संध्याकाळी दोघा माणसांशी भांडायची तोवर मला सवय नव्हती.

केशवरावांचं खरं काम मला दुसऱ्या दिवशी सकाळी कळलं. अप्पांनी पेठेतल्या मंडळाच्या घरगुती सजावट स्पर्धेत बरीच वर्षं भाग घेतला होता आणि दरवेळी त्यांना उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं होतं. उत्तेजनार्थ म्हणजे, तुम्ही आलात, बरं वाटलं. या वर्षी त्यांनी कंबर कसली होती. देखावा समुद्रमंथनाचा होता. थर्माकोलचा मंदार पर्वत, बागेच्या पाइपला रंग देऊन केलेला वासुकी, एका बाजूला देव, दुसऱ्या बाजूला दानव, आणि पाइप मागेपुढे ओढायला कूलरची जुनी मोटर. ती चालू झाली की देव-दानव गर्रकन डोलायचे आणि शेजारचा टीव्ही खरखरायचा. पर्वताखाली पाण्याचं घमेलं, आणि घमेल्यात कूर्मावतार, खुद्द जिवंत.

"आख्ख्या तालुक्यात कुणाकडं जिवंत कूर्म असला तर सांग," अप्पा म्हणाले.

नव्हता. पहिल्याच दिवशी बघायला रांग लागली. गावातल्या वर्तमानपत्राचा माणूस येऊन फोटो काढून गेला, आणि तो छापूनही आला: अप्पा हात जोडून, पर्वत किंचित कललेला, आणि मध्ये फोकसच्या उजेडात केशवराव. बाया घमेल्यातलं पाणी डोळ्यांना लावायच्या. एका आजोबांनी केशवरावांपुढे पेढा ठेवला. केशवरावांनी तो खाल्ला नाही, तेव्हा आजोबा म्हणाले, "उपास असेल."

केशवराव काहीच खात नव्हते. पालक नाही, काकडी नाही, त्यांचा जीव की प्राण असलेली सुकट नाही. मी गर्दी ओसरली की जवळ जाऊन बसायची. पूर्वी माझ्या पावलांचा आवाज आला की ते मान वर करून यायचे. आता मान लांब करून, डोळे अर्धवट मिटून, घमेल्याच्या काठाला टेकलेले असायचे. मी पाठीवर हात ठेवला, तर रंगाच्या कडेला, जिथे पत्रा फिरला होता तिथे, बोटाला काहीतरी चिकट लागलं. त्याला वास येत होता. मला तिथेच रडू कोसळलं, आणि बघणाऱ्या बायकांना वाटलं, सून किती भाविक आहे.

गौरीपूजनाच्या दिवशी परीक्षक यायचे होते. त्या दिवशी सकाळी मी पुरणाला बसले होते. सासूबाई शेजारी कणीक मळत होत्या. त्या एरवी फारसं बोलत नसत. घरात बोलण्याचं खातं अप्पांकडे होतं.

"रात्रभर जागीच होतीस," त्या म्हणाल्या.

"झोप लागली होती, आई."

"डोळे बघ जा आरशात." त्यांनी कणकेला एक गुद्दा घातला. "माझ्या आईनं मला लग्नात शिसवीची पेटी दिलीवती. तिच्या आईची. काळी कुळकुळीत, नुसतं फडकं मारलं तरी तोंड दिसायचं तिच्यात. पहिल्या गणपतीला मी माहेरी गेले, आले, तर पेटी पिवळी."

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"छान झाली म्हणाले." त्यांनी कणीक झाकून ठेवली. "अजून हाय माळ्यावर. बघवत न्हाई म्हणून वर ठेवलीय." मग त्यांनी हात धुतले, पदराला पुसले आणि आतल्या खोलीकडे तोंड करून हाक मारली, "निशी, स्कूटर काढ. हिला सांगलीला घेऊन जा. जनावरांच्या डॉक्टरकडं."

"आज?" निशिकांत दारात आला. "परीक्षक यायचेत. गणपती होऊ देत, मग बघू."

"बघितलं तेवढं पुरे झालं," सासूबाई म्हणाल्या. "अप्पा बाजारात गेलेत तवर जा."

आम्ही गेलो. मी मागच्या सीटवर मांडीवर बादली घेऊन, ओल्या फडक्याखाली केशवराव, आणि पुढे निशिकांत. वाटेत तो एकदाही बघू म्हणाला नाही. घाबरला होता.

डॉक्टर उपाध्येबाईंच्या दवाखान्यात एक रेडकू, दोन कुत्री आणि एक पोपट आमच्या आधी होते. बाईंनी फडकं बाजूला केलं आणि पाठीच्या कडेवरून बोट फिरवून वास घेतला. मग निशिकांतकडे बघून म्हणाल्या, "कुणाची कल्पना?"

"वडिलांची. त्यांना वाटलं, पोपडे धरलेत."

"तुमचे वडील काय करतात?"

"रंगाचं दुकान आहे."

"तरी म्हटलं काम सफाईदार आहे," बाई म्हणाल्या. "प्रायमर पण लावलाय."

मग त्यांनी आम्हाला समजावून सांगितलं. कासवाची पाठ म्हणजे त्यानं घेतलेलं घर नव्हे, ती त्याची हाडं आहेत. कण्याला, बरगड्यांना जोडलेली. आत रक्त आहे, नसा आहेत. त्यावर ऊन पडलं नाही तर हाडं मऊ पडतात. रंगातलं विष हळूहळू आत मुरतं. वरच्या चकत्या सुटायच्या असतात, त्या रंगानं जागीच चिकटून बसतात आणि खाली घाण साचते. इथं तर ती साचलीच होती, कारण आपोआप गळायच्या आधी त्या खरवडून काढलेल्या होत्या.

"म्हणजे दुखत असेल?" मी विचारलं.

"तुमच्या नखावर कुणी पॉलिश पेपर मारला, नख संपलं तरी मारत राहिलं, तर?" त्यांनी इंजेक्शन भरलं. "मला वाचेल असं छातीठोक सांगता येणार नाही. थिनर लावायचा नाही, खरवडायचं नाही. कोमट पाणी, मऊ ब्रश, थोडं तेल, रोज थोडं थोडं. आणि कोरडं, ऊन लागेल असं ठेवा. परत घमेल्यात ठेवलंत तर माझ्याकडे आणू नका."

परत येताना निशिकांतनं गाडी एकदा रस्त्याच्या कडेला उभी केली. मला वाटलं पंक्चर झाली. तो नुसता उभा राहिला, डोळे पुसले आणि परत गाडी सुरू केली. त्या दिवशी मला नवरा पहिल्यांदा आवडला.

घरी पोचलो तेव्हा परीक्षक आलेले होते. शाळेतले चित्रकलेचे खोत सर आणि मंडळाचे दोघे, हातात पॅड घेऊन. समोर मोटर गर्र गर्र चालली होती, देव-दानव जोर लावत होते, आणि मंदार पर्वत एका पालथ्या परातीवर टेकलेला होता. परात सासूबाईंनी ठेवली होती हे सांगायला नको. त्या शेजारीच उभ्या होत्या आणि खोत सरांना कोशिंबिरीची वाटी देत होत्या. अप्पांच्या कपाळावर घाम होता.

"आला, आला," आम्हाला बघून ते जवळजवळ धावत आले. "कूर्म आला. सर, म्हटलं न्हाई का, जरा हवापालटाला नेलंय त्याला. दे इकडं, मंजिरी."

"नाही, अप्पा."

"अगं पाच मिन्टं. सरांनी बघितलं की घेऊन जा."

"मी त्याला परत तिथे ठेवणार नाही."

मी मोठ्यानं बोलले नव्हते, पण त्या घरात माझ्या तोंडून नाही हा शब्द कुणी ऐकलेला नव्हता, त्यामुळे तो मोठा वाटला असावा. खोत सरांचा चमचा वाटीत थांबला.

"काय झालं?" अप्पांचा आवाज खाली आला. चारचौघांत सुनेला ओरडणारे ते नव्हते. "कुणी काय बोललं का तुला?"

"डॉक्टर बोलल्या. तो मरायला टेकलाय, अप्पा. पोपडे नव्हते ते. त्याची पाठ आहे ती, त्याचं हाड. दरवर्षी वरची साल निघते आणि नवी येते. तुम्ही ती खरवडलीत, घासलीत आणि वर रंग लावलात. आता आतून पिकलंय."

"पण ते तर गप बसलं होतं," अप्पा म्हणाले. "हललं सुदिक न्हाई. मला वाटलं..."

"त्याला ओरडता येत नाही. म्हणून गप्प होतं. गप्प बसलं म्हणजे बरं चाललंय असं नसतं, अप्पा."

हे वाक्य फक्त कासवाबद्दल नव्हतं, हे माझं बोलून झाल्यावर माझ्याच लक्षात आलं. सासूबाई माझ्याकडे बघत होत्या. त्यांच्याही आलं असावं.

अप्पांनी माझ्या शब्दावर विश्वास ठेवावा इतकी सून अजून जुनी झाली नव्हती. ते निशिकांतकडे वळले. "खरं हाय का रे?"

"हो," निशिकांत म्हणाला. "घासताना सगळं कळत होतं त्याला."

अप्पा बादलीशी वाकले. फडक्याखालून केशवरावांची सोनेरी पाठ दिसत होती, अगदी उत्तम फिनिशची, कुठे ओघळ नाही की ब्रशचा केस नाही. त्यांनी हात पुढे केला आणि टेकायच्या आधीच मागे घेतला. मग उठून गेले आणि मोटर बंद केली. देव-दानव होते तिथेच थांबले.

खोत सरांनी घसा खाकरला. "मग आता... गुण कशाला द्यायचे आम्ही?"

"परातीला द्या," सासूबाई म्हणाल्या.

परातीला उत्तेजनार्थ मिळालं.

गणपती गेल्यावर घरात एक विचित्र शांतता आली. अप्पा मला काही बोलले नाहीत. माफी वगैरे मागायचा प्रश्नच नव्हता. त्या पिढीच्या सासऱ्यांच्या शब्दकोशात ते पान छापलेलंच नसतं. ते परसाकडे फिरकेनासे झाले. जेवताना ताटाकडे बघून जेवायचे. मी सकाळी उन्हात पाटावर केशवरावांना घेऊन बसायची, तेलाचं बोट फिरवायची, कोमट पाण्यानं घासायची, आणि तासाभराच्या कष्टानंतर नखाएवढा सोनेरी तुकडा निघायचा. मला अप्पांचा राग यायचा, खूप यायचा. वर त्यांच्या कामाचं कौतुकही करावंसं वाटायचं. काय घट्ट बसवला होता रंग.

मग एका सकाळी पाटाजवळ मेडिकलच्या दुकानातली पुडी दिसली. आत तान्ह्या मुलांचा मऊ ब्रश होता. आमच्या घरात तान्हं मूल नव्हतं. मी सासूबाईंना विचारलं तर त्या म्हणाल्या, "मला काय माहीत," आणि तोंड फिरवून हसल्या.

त्यानंतर कधीतरी अप्पा येऊन उभे राहिले. दुसऱ्या दिवशी स्टूल घेऊन बसले. तिसऱ्यांदा त्यांनी माझ्या हातातून ब्रश काढून घेतला, न बोलता. रंगातलं त्यांना कळतच होतं. कुठला थर कुठे सैल आहे, हे त्यांना नुसतं बघून समजायचं. केशवराव त्यांचा हात लागला की आत जायचे. अप्पा ब्रश खाली ठेवून थांबायचे. मान बाहेर आली की पुन्हा सुरू. मान आत गेली की पुन्हा थांबायचं. ज्या माणसाला भिंत वाळेपर्यंत थांबवत नसे, तो कासवाची परवानगी मिळेपर्यंत अर्धा अर्धा तास बसायला लागला. दिवाळीच्या सुमाराला केशवरावांनी पहिल्यांदा काकडी खाल्ली. पाठीवर दोन खड्डे पडले होते, ते कायमचेच.

इथं हे संपलं असतं तर बरं झालं असतं. पण त्या फोटोचा विसर आम्हाला पडला होता, गावाला पडला नव्हता.

एका दुपारी मी दुकानात अप्पांचा डबा घेऊन गेले होते. काउंटरसमोर बल्लाळ ठेकेदार बसले होते. गावात उभ्या राहणाऱ्या निम्म्या इमारती त्यांच्या, आणि त्या इमारतींचा सगळा रंग अप्पांच्या दुकानातून जायचा. ते आले की अप्पा गादीवरून उठून उभे राहायचे आणि चहा सांगायचे. चहा समोर होता. काउंटरवर प्लास्टिकची बादली होती.

"वास्तुवाल्यानं सांगितलं, उत्तरेला सोन्याचं कासव ठेवा," बल्लाळ म्हणत होते. "म्हटलं, पितळी कशाला? आपल्या अप्पांनी जिवंत केलंवतं, पेपरात आलंवतं. कापून ठेवलाय फोटो मी. तसंच पायजे. पैशाचं बघू नका."

मी बादलीत डोकावले. केशवरावांच्याच जातीचं, पण लहान, तळहाताएवढं. बादलीच्या गुळगुळीत भिंतीवर पाय मारत होतं. माझ्या हातात डबा होता आणि तो मी काउंटरवर आपटणार, इतक्यात अप्पा म्हणाले, "देतो की. करून देतो."

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं.

"जरा हिकडं या," अप्पा म्हणाले. "ह्या स्टुलावर बसा. शर्ट काढा."

"आँ?" बल्लाळ हसले. "शर्ट कशाला?"

"नमुना दाखवतो. आधी घासायला लागतंय. त्याशिवाय रंग धरत न्हाई." अप्पांनी मागच्या फळीवरून पॉलिश पेपर काढला, झिरो नंबरचा बारीक नव्हे, खरखरीतला, आणि तो हाताशी गुंडाळला. "पाठ हिकडं करा."

"काय चेष्टा लावलीय, अप्पा."

"चेष्टा न्हाई. वरची कातडी निघंस्तवर घासायचं. मग रेड ऑक्साईड, मग सोनेरी. आणि हललं न्हाई पायजे, ओरडायचं न्हाई. ते ओरडलं नव्हतं." अप्पांनी पेपर गुंडाळलेल्या आपल्या हाताकडे बघितलं. "मी तासभर घासत होतो. बिडी ओढत, रेडिओवर गाणी ऐकत. एकदा सुदिक ओरडलं न्हाई."

दुकानातली दोन-तीन गिऱ्हाइकं आधी हसत होती, ती मागे सरकली. बल्लाळ उभे राहिले. त्यांचा चेहरा लाल झाला होता. इतक्या मोठ्या ठेकेदाराला कुणी शर्ट काढ म्हणालेलं नसावं.

"डोकं फिरलंय तुमचं," ते म्हणाले. "दुकानं काय कमी हायत गावात? आणि हे ठेवा तुमच्याकडंच. सांभाळा." बादलीवर एक थाप मारून ते निघून गेले. चहा तसाच राहिला. पुढच्या वर्षापासून त्यांच्या इमारतींचा रंग दुसऱ्या दुकानातून जायला लागला. निशिकांत बरीच वर्षं त्या तोट्याचा हिशेब करत राहिला, पण घरात त्यावर कुणी अवाक्षर काढलं नाही.

अप्पा पॉलिश पेपर हातात धरून उभेच होते. मी तो त्यांच्या हातातून काढून घेतला. मला त्यांची माया आली. ती अशी अवचित आली की मला माझाच राग आला.

मग त्यांनी बादली जवळ ओढली. आत बघितलं. त्या पिल्लानं त्यांच्याकडे बघितलं. एवढ्या काळात त्या घरात अप्पांनी मला पुष्कळ गोष्टी सांगितल्या होत्या. पडद्यांचा रंग कसा असावा, आमटीला चिंच किती, कुठली साडी कुठल्या सणाला. प्रश्नही विचारले होते, पण उत्तर त्यांच्याकडे आधीच तयार असायचं.

"मंजिरी," ते म्हणाले, "हे एवढंसं असतं, तवा खायला काय घालायचं गं त्याला?"

मी स्टूल ओढून बसले आणि सांगायला लागले. त्यांनी मध्ये एकदाही तोंड घातलं नाही.